मागे सांडलेले पाणी

पंपाची नळी आजही मानवेलच्या हायड्रोजनवरच्या टॅक्सीला चिकटून बसली. हायड्रोजन इतका गार येतो की नळीचे तोंड बर्फाने गोठते, आणि ते सुटेपर्यंत माणसाने ताटकळत उभे राहायचे. मानवेलने दोनदा ओढून पाहिले, मग नाद सोडला. भर उन्हात उभा राहून त्याने पंपावर नव्याने डकवलेला कागद वाचला. तीस तारखेपासून हा पंप कायमचा बंद.

खाली किलोला छत्तीस डॉलरचा आकडा लुकलुकत होता. गाडी घेतली तेव्हा तो तेरा होता, आणि तेही कंपनीने फुकट दिलेल्या कार्डातून जात. ते कार्ड दीड वर्षात संपले. शुशान, त्याची बायको, त्याच्याही आधी संपली.

विमानतळावरच्या टॅक्सीतळावर ओनिक गाडीच्या बॉनेटवर नार्दीचा, फासे-सोंगट्यांचा, पट मांडून वाटच बघत होता. ओनिक त्याच्याच गावचा, आर्मेनियातल्या ग्युमरीचा, आणि वीस वर्षे फाशांत त्याला फसवत आलेला.

"बंद होतोय ना पंप?" ओनिक म्हणाला. "तोंडावर लिहिलंय तुझ्या."

"तीस तारखेला."

"सुटलास बघ. पुढचा पंप कुठे?"

"पस्तीस मैलांवर. तोही एक दिवस चालू, दोन दिवस बंद."

"म्हणजे जेवायला इतकं लांब जायचं, आणि घरी येईतो पुन्हा भूक. मानवेल जान, ही टॅक्सी आहे की चर्चमधली मेणबत्ती? रोज उठून पैसे जाळतोयस."

"तुझी बॅटरीची गाडी फार गुणाची आहे का?"

"मुळीच नाही. विमा महाग, टायर खाते, थंडीत मरगळते. पण संध्याकाळी खुंटीला बांधली की सकाळी पोट भरलेलं असतं. पंधरा डॉलरात. हिशेब तरी कर एकदा."

हिशेब मानवेलला पाठ होता. आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी दोन दिवस तो नुसत्या हायड्रोजनसाठी चालवत होता. गाडी विकायला काढली तर भंगारवाल्याशिवाय कुणी विचारत नव्हते. बॅटरीची गाडी परवडते हे शेंबड्या पोरालाही कळले असते. कळत नव्हते ते वेगळेच, आणि ते ओनिकला सांगायची सोय नव्हती. त्याने फासे टाकले आणि मुकाट्याने हरला.

ग्युमरीत प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी ओततात, म्हणजे तो सुखरूप परत येतो. टॅक्सी चालवणारा माणूस रोजच प्रवासाला निघतो, म्हणून शुशान रोज ओतायची. बावीस वर्षे. तिकडून आणलेला छोटासा तांब्या घेऊन ती पायऱ्या उतरायची आणि गाडी फाटकाबाहेर पडली की मागे धार धरायची. मानवेलला ती आरशात दिसायची. वळणापर्यंत दिसायची.

मग ही गाडी आली. हिच्यातून धूर निघत नाही, पाणी निघते. एक बटण दाबले की साठलेले सगळे एकदम सांडते. पहिल्याच सकाळी शुशान तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा मानवेलने ते बटण दाबले आणि काच खाली करून म्हणाला, "बघ शुशान जान, तुझी नोकरी गेली. आता गाडीच पाणी ओतते."

ती हसली. क्षणभर भरला तांब्या घेऊन उभी राहिली आणि मग तो तिने डाळिंबाच्या मुळाशी रिकामा केला. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली नाही. नंतर कधीच आली नाही. मानवेलने विचारलेही नाही. आपला विनोद जमला याचीच त्याला मजा वाटत होती.

फेब्रुवारीत अँब्युलन्स तिला घेऊन गेली. तो आपल्या गाडीने मागोमाग निघाला. वाटभर पाणी सांडत राहिले ते त्याच्या गाडीमागे. परत आला तोही तोच.

तेव्हापासून तो रोज फाटकाबाहेर थांबून बटण दाबायचा आणि आरशात बघायचा. रिकाम्या पायऱ्या, खाली ओली जमीन. ह्या गाडीला आवाज असा नव्हताच. बंद केल्यावर मागे टप टप ऐकू यायचे, आणि मानवेल ते थांबेपर्यंत उतरायचा नाही. मागच्या सीटवर कुणीतरी बसले आहे आणि आपण वळून पाहिले तर उठून जाईल, असे त्याला वाटायचे. वेडेपणा होता. त्याला कळत होते.

रविवारी लुसिने आली. त्याची मुलगी, इस्पितळात नर्स. तिने कॉफी उकळली, दोन कप मांडले आणि सरळ विषयाला हात घातला.

"ओनिककाकांचा फोन होता. पापा, कुणासाठी ठेवलीय ती गाडी?"

मानवेलने कॉफी गाळापर्यंत संपवली. मग त्याने सांगितले. तांब्या, बटण, तो विनोद, सगळे. "मीच तिचं पाणी बंद केलं," तो म्हणाला. "मला वाटतं तिला लागलं ते."

लुसिनेने आपला कप बाजूला सरकवला.

"आईनं तो विनोद मला दहादा सांगितला असेल," ती म्हणाली. "हसत. तिला लागलं नव्हतं, पापा."

"मग बाहेर का येत नव्हती?"

"पायऱ्या उतरवत नव्हत्या तिला. तेव्हाच धाप लागायची. तुम्ही तसं म्हणालात आणि तिला निमित्त मिळालं. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, काम सोडून घरी बसाल म्हणून."

मानवेलने कप खाली ठेवला. इतके दिवस तो त्या विनोदाला घट्ट धरून बसला होता. आता तोही हातातून गेला आणि उरले ते जास्त वाईट होते. वर्षभर ती त्याच घरात धापा टाकत होती आणि तो जमलेल्या विनोदावर खूश होता.

"ओनिकला सांग," तो म्हणाला, "त्याची ती खुंटीची गाडी बघायला येतो म्हणावं."

तीस तारखेला सकाळी नऊला गाडी न्यायला ट्रक आला. नवी गाडी गराजमध्ये तार लावून उभी होती. मानवेल जुन्या गाडीत शेवटचा बसला आणि त्याने बटण दाबले. टाकी रिकामी झाल्यापासून गाडी जागची हललीच नव्हती. दोन थेंब पडले.

ट्रकवाल्याने साखळ्या आवळल्या, कागदावर सही घेतली. "बरी चालली का हो?" त्याने विचारले.

"बरी चालली," मानवेल म्हणाला.

ट्रक फाटकाबाहेर पडू लागला तसा तो झपाट्याने आत गेला. तांब्या शेगडीवरच्या फळीवर होता, तळाशी धूळ बसलेली. नळाखाली विसळून त्याने तो काठोकाठ भरला आणि पायऱ्या उतरला. सहा पायऱ्या होत्या. बावीस वर्षांत त्याने त्या कधी मोजल्या नव्हत्या.

तांब्या डाव्या हातात होता. शुशान तो असाच धरायची. मग त्याच्या लक्षात आले की तिला ओतताना त्याने फक्त आरशात पाहिले होते, आणि आरशात डावे-उजवे उलटे दिसते. त्याने तांब्या उजव्या हातात घेतला.

ट्रक वळणाशी पोचला होता. अँब्युलन्सही त्याच वळणावरून गेली होती. मानवेलने तांब्या कलता केला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरून ठेवला. पाणी उतारावरून फाटकाबाहेर गेले, रस्त्यावर थोडे पसरले. ऊन कडक होते. ते वाळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.