माझ्या काढ्याची ओल

वसंतात दक्षिण चीनमधल्या फोशानच्या आमच्या गल्लीत भिंतींना घाम फुटतो आणि जो तो अंगात ओल साचली म्हणत माझ्या दुकानात येतो. माझा कडू काढा सगळ्यांना ठाऊक. माझी जीभ त्याहून ठाऊक.

लेक सुत-यिंग वैद्यकी शिकून आली, तेव्हा मीच तिला दुकानात टेबल मांडून दिलं. पहिल्या दिवशी अर्धी गल्ली बघायला जमली. आज पोरीचं हसं झालं तर तिच्यासमोर पुन्हा कुणी बसणार नव्हतं.

पहिले आले मासेवाले आऊ काका. पाय जड, पोट फुगलेलं, अन्नावर वासना नाही.

"लिउंगकाकू, नेहमीचा पेला द्या," ते मला म्हणाले. "पोरीला कशाला त्रास?"

"काका, आधी जीभ दाखवा," सुत-यिंग म्हणाली.

जिभेवर पांढरा चिकट थर, कडेला दातांचे ठसे. तिनं नाडी पाहिली.

"काढा रोज घेता?"

"रोज. तुझ्या आईचाच."

"आजपासून बंद."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"का गं बाई?" मी म्हटलं. "आईचा काढा आता विष झाला?"

"विष नाही, थंड आहे. प्लीहा म्हणजे पोटातली चूल, आई. ती पेटती असली तर ओल साचत नाही. काका ओल घालवायला रोज चुलीवरच गार पाणी ओततायत."

"आणि आपला धंदा?"

"आधी काका."

मला असा राग आला म्हणता! पण पोरगी खरं बोलत होती, आणि सगळ्यांदेखत, न घाबरता. रागातच माझा ऊर भरून आला. मी कढई चढवली, अंगातली ओल काढणाऱ्या यीमाई धान्याचे पांढरे दाणे खरपूस भाजले, कारण कच्चे तेही थंडच. आलं आणि संत्र्याची सुकी साल घालून ते उकळले.

"वैद्यीणबाईंचा हुकूम आहे," मी काकांना म्हटलं. "प्या मुकाट्यानं."

पुढच्या आठवड्यात काकांची बायको तक्रार घेऊन आली. "भात पुरत नाही आता यांना." म्हणता म्हणता टेबलासमोर रांग लागली.

मी पळी खाली ठेवली आणि लेकीसमोर जाऊन बसले. सकाळी माझेही पाय जड असतात, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"काकू, रांग आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"लेक माझी आहे. नंबरही माझा आधी."

मग मी जीभ बाहेर काढली. अख्ख्या गल्लीला न आवरलेली ती जीभ लेकीपुढे पहिल्यांदाच गप्प राहिली.