ब्लीचच्या बाटलीतल्या सुया

समुद्रकाठच्या हम्माम-लिफ गावात बशीरला त्याच्या नावाने हाक मारणारे थोडेच. बाकी सगळ्यांच्या तोंडी तो 'भिंत'. तरुणपणी तो गावच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता, आणि त्या काळात त्याला चकवून चेंडू आत गेला असं शपथेवर सांगणारा माणूस अजून सापडायचा आहे. चेंडू आत गेले होते, भरपूर गेले होते. पण ते विसरायचं गावाने ठरवलं होतं आणि बशीरने त्यात गावाला मनापासून साथ दिली होती. सत्तरीला टेकला तरी सकाळी समुद्राच्या कडेने चालताना तो छाती पुढे काढून चाले, आणि लामीनच्या कॅफेत कुणी गुडघेदुखीचं रडगाणं लावलं की मिशीतल्या मिशीत हसे.

अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं.

गोळ्या होत्या तोवर निभावत होतं. खिशातून गोळी काढून तोंडात टाकली तर बघणाऱ्याला पेपरमिंट वाटेल. सुईचं तसं नव्हतं. सुई म्हणजे माणूस मोडीत निघाला, असं बशीरचं पक्कं मत. त्याने न्हाणीघराचं दार लावून पोटात सुई घ्यायला सुरुवात केली आणि बायकोकडून वचन घेतलं की ही गोष्ट घराच्या फाटकाबाहेर जाणार नाही.

"अरे, शुगर झालीय तुला. चोरीचा माल सापडलेला नाही घरात," मन्नूबिया म्हणाली.

"तुला काय कळतंय. उद्या कॅफेत पत्ते वाटता वाटता विचारतील, भिंतीला पोपडे धरले का म्हणून."

"विचारू देत की. रंग लावून घेऊ."

त्यांची मुलगी परदेशात, लियाँला असते. तिने फोनवर बापाला नीट समजावलं होतं. इन्सुलिनच्या पेनाच्या सुया आणि बोट टोचायच्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकायच्या नाहीत. ब्लीचची जाड बाटली रिकामी झाली की तिच्यात टाकत जायच्या. भरत आली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळायची, 'वापरलेल्या सुया, उघडू नका' असं ठळक लिहायचं आणि बाटली गावच्या दवाखान्यात नेऊन द्यायची.

बशीरने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं केलं. सुया बाटलीत टाकल्या, झाकण घट्ट लावलं. लिहायचं मात्र टाळलं, कारण त्याचं वळणदार अक्षर अख्खा मोहल्ला ओळखत होता. दवाखान्यात जाणंही टाळलं. तिथल्या बाकावर सकाळपासून निम्मं गाव बसलेलं असतं आणि कुणाच्या हातात काय आहे याची त्या निम्म्या गावाला फार काळजी. एका संध्याकाळी, लोक नमाजाला मशिदीत असताना, त्याने बाटली काळ्या पिशवीत गुंडाळली आणि नाक्यावरच्या मोठ्या हिरव्या डब्यात सोडून दिली. घरी येऊन बायकोला सांगितलं, "दिली दवाखान्यात."

आता, जिथे फेकलेली वस्तू फेकलेलीच राहते तिथे कदाचित हे चाललंही असतं. हम्माम-लिफमध्ये बाटलीला कुणी कचरा म्हणत नाही. मन्नूबिया रोज सकाळी फाटकाला दोन पिशव्या अडकवते. एकीत शिळा पाव, तोही कपाळाला लावून ठेवलेला, कारण पाव कचऱ्यात टाकणाऱ्याचं तोंड ती बघणार नाही. तो मेंढ्यांना जातो. दुसऱ्या पिशवीत रिकाम्या बाटल्या, मबरूकासाठी. मबरूका ही प्लास्टिक गोळा करणारी पोरगी, दूरच्या कासरीनकडून लग्न होऊन आलेली, बू कर्नीन डोंगराच्या पायथ्याशी सासूबरोबर राहते. नवरा कामासाठी लिबियात. फाटकांवरच्या पिशव्या झाल्या की ती डबे उपसते. ब्लीचची बाटली जाड, तिला भाव चांगला. हातगाडीत जास्त मावावं म्हणून प्रत्येक बाटली जमिनीवर ठेवून टाचेने दाबते आणि मग आत टाकते. बशीरने हे आपल्याच फाटकासमोर किती वेळा बघितलं होतं. डब्यात बाटली सोडताना त्याला ते आठवलं नाही, किंवा आठवू द्यायचं नव्हतं.

दोन दिवसांनी मबरूका लंगडत आली. बशीर फाटकाशी जुईला पाणी घालत होता.

"हाजी, एक विचारू? भांडायला नाही आले."

"विचार की."

"नाक्यावरच्या डब्यात ब्लीचची बाटली होती. दाबली तर झाकण उडालं आणि सुई चपलेतून टाचेत गेली. चांगली खोल." तिने पाय जरा वर केला. टाचेला पट्टी होती. "दवाखान्यातली नर्स म्हणाली, सुई कुणाची ते शोध. त्या माणसाच्या रक्तात वाईट काही नसलं तर मग तुला घोर नाही. पण कळेपर्यंत पोरीला अंगावर पाजू नकोस म्हणाली. पाच महिन्यांची आहे हो माझी रहमा. तुमच्याकडे नसेल, पण विचारतेय सगळ्यांना."

बशीरच्या हातातल्या झारीचं पाणी कुंडीबाहेर सांडत राहिलं.

"आमच्याकडे कसली सुई?" तो म्हणाला. "पलीकडे विचार."

ती बरं म्हणाली आणि पलीकडे गेली. मन्नूबियाने आतून सगळं ऐकलं होतं. ती कॉफीचा कप घेऊन बाहेर आली तोवर मबरूका तीन फाटकं पुढे.

"तू बाटली दवाखान्यातच दिलीस ना?"

"दिली म्हणालो ना."

"मग कोण मेल्याने टाकली असेल? हात झडले असते का दोन शब्द लिहिताना?"

बशीरने रिकामी झारी जागेवर ठेवली. जेवताना त्याने स्वतःशी वाद घातला आणि तो जिंकलाही. आपल्या रक्तात साखरेपलीकडे काही नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. म्हणजे मायलेकींना काही होणार नाही. म्हणजे आपण बोललो काय, न बोललो काय, फरक शून्य. हे त्याला ठाऊक होतं. मबरूकाला ठाऊक नव्हतं, एवढी एकच गोष्ट त्या वादात घ्यायची राहून गेली.

ती रोज येत राहिली. बाटल्या उचलायची, पुढच्या गल्लीत विचारायची. तिच्या विचारण्यात ना राग होता ना रड. बशीरला तेच सोसवेना. दोन शिव्या घातल्या असत्या तर त्यालाही आवाज चढवता आला असता. तो सकाळी समुद्रावरून उशिरा परतू लागला, तिची गाडी निघून गेल्यावर.

आठवडा उलटला. मन्नूबिया दुधाच्या पावडरचा डबा घेऊन मबरूकाच्या घरी जाऊन आली आणि स्वयंपाकघरात न जाता सरळ त्याच्यासमोर बसली.

"रहमा दुधाची बाटली घेत नाही. चमच्याने पाजतात, निम्मं ओघळून जातं. आणि आई शेजारीच बसलेली, छाती दगड होऊन. सासूने कापड घट्ट बांधलंय, दूध आटावं म्हणून. ताप होता तिला. मला म्हणते, बाई, पोर वासाने माझ्याकडे वळते आणि मी तिला ढकलते." मन्नूबियाने पदराने डोळे पुसले नाहीत, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. "तू त्या संध्याकाळी नमाजाच्या वेळी गेला होतास. तेव्हा दवाखाना बंद असतो, बशीर. मला आज येताना आठवलं."

बशीर उठला आणि चपला घालून बाहेर पडला.

त्याचा बेत होता तो मबरूकाला बाजूला घेऊन हळूच सांगायचा. पण ती होती लामीनच्या कॅफेसमोर, आणि बरोबर त्याच टेबलापाशी जिथे त्याची जागा रिकामी होती. हम्मादी न्हावी आणि कॅफेवाला लामीन पत्ते धरून बसले होते. मबरूका पुन्हा तेच विचारत होती, त्याच शब्दांत. दोघेही आपापल्या पत्त्यांत असे डोकं घालून बसले होते की त्यांना आयुष्यात इतके चांगले पत्ते कधी आले नसावेत.

"ये भिंत, बस," लामीन म्हणाला. "तूच सांग हिला. इथे कुणाला कसला रोग?"

बशीर बसला नाही.

"ती बाटली माझी आहे," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक आला की त्याला पुन्हा सांगावं लागलं. "मला शुगर आहे. रोज सुई घेतो. बाटली मी टाकली डब्यात. तू पहिल्या दिवशी विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

 हम्मादीने पत्ते उलटे ठेवले, मिशीवरून हात फिरवला, खाकरला.

"ब्लीचची बाटली ना? लाल झाकणाची?"

"हो."

"मग माझीही असू शकते. मीही नाक्यावरच टाकतो. सहा वर्षं झाली."

"सहा?" लामीन म्हणाला. "आणि माझ्याकडे बसून तीन चमचे साखर घालतोस चहात?"

"लोकांना संशय नको म्हणून."

लामीनने खुर्चीवर टाकलेलं फडकं उचललं, नसलेला डाग पुसला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "माझीही असेल. बायको टाकते, मी विचारत नाही कुठे."

मबरूकाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पाय एक, सुई एक आणि मालक तीन," ती म्हणाली. "आठवडाभर एक सापडत नव्हता."

कुणी हसलं नाही. बशीरला तर आपल्या कानांच्या पाळ्या तापल्याचं कळत होतं. एवढी वर्षं एका टेबलावर बसून एकमेकांच्या हातातले पत्ते चोरून बघितले आणि हे एक तेवढं कुणाला दिसलं नाही, याचं त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही दवाखान्यातल्या बाकावर ओळीने बसले, गावासमोर, बाह्या वर करून. नर्सने रक्त घेता घेता त्यांची बिनपाण्याने केली. "सुया इथे आणून द्यायला काय सांगितलं होतं मी? ही खोकी तुमच्यासाठीच ठेवलीत ना? सोन्याची बाटली असती तर मिरवत आणली असती." बाकावरची एक म्हातारी दुसरीच्या कानाला लागली. बशीरने ते बघितलं. रात्रभर ज्याची धास्ती घेतली ते हेच, आणि ते एवढंच होतं. सुई टोचावी तेवढंसुद्धा लागलं नाही.

दोन दिवसांनी निकाल आला. तिघांच्याही रक्तात साखरेशिवाय काही नव्हतं. मबरूकाने महिन्याभराने खात्रीसाठी एकदा यावं, पण घाबरायचं कारण उरलं नाही, लेकराला खुशाल पाजावं, असं नर्स म्हणाली.

"मी सांगतो तिला," बशीर म्हणाला. "मीच सांगायला हवं."

तो बू कर्नीनच्या चढावर त्या घराकडे जवळजवळ धावतच गेला. खरं सांगायचं तर त्याला आशा होती. आनंदाची बातमी नेणाऱ्याला लोक निम्मं माफ करतात, हे त्याच्या मनात होतं, आणि ते मनात असल्याची त्याला लाजही वाटत होती.

मबरूका अंगणात बाटल्यांची झाकणं काढत होती. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं, सासूच्या कडेवरून रहमाला जवळजवळ ओढून घेतलं आणि आत जाऊन पडदा सोडला. बशीर अंगणात उभा राहिला. सासूने त्याला बस म्हटलं नाही.

आत थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पोर रडू लागली. मध्येच थांबली, पुन्हा रडू लागली, जास्त जोरात. मबरूका तिला काहीतरी समजावत होती. आवाजावरून ती जागा बदलत होती, बाजू बदलत होती. बराच वेळ गेला.

ती बाहेर आली तेव्हा तिची ओढणी घाईने गुंडाळलेली होती.

"हाजी, दूध आटलं," ती म्हणाली.

"येईल. येईल परत. एवढ्यात कसं..."

"येईल किंवा नाही येणार," सासू म्हणाली. "पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी बांधलं असतं का तिला?"

 बशीरला परत जावं असं वाटलं आणि जाता येईना. मबरूकाने चुलीवरून पाणी उतरवलं, पावडर मोजून घातली, दुधाची बाटली हलवली. तिला दुखऱ्या पायावर नीट उभं राहता येत नव्हतं, एका हातात पोर, एका हातात बाटली.

"धरा हिला जरा," ती म्हणाली. "नुसते उभे आहात तर."

तो जोत्यावर बसला. रहमाला मांडीवर घेतलं, तिच्या ओठांना बाटली लावली. तिने एकदा ओढलं, तोंड वाकडं केलं, दूध त्याच्या मनगटावर थुंकलं आणि मान फिरवून आईकडे बघत रडू लागली. मबरूका तिथून झाकणांच्या ढिगाकडे गेली आणि पाठ करून बसली.

बशीरने मनगट कोटाला पुसलं आणि बाटली पुन्हा पोरीच्या ओठांना लावली.