दवाखान्यातली अंगाई

बाळ रडायला लागलं की आमच्या घरात सगळ्यांना अक्कल फुटते. सगळ्यात जास्त वन्संना. नवऱ्याची ही थोरली बहीण मदतीला म्हणून आली आणि तोंडाचा पट्टा सोडून बसली. "उभं धर. आडवं धर. पोट दुखतंय गं त्याचं. छे, भूक आहे." पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडतंय आणि वन्सं त्याच्यावर आवाज चढवतायत!

वैतागून मी त्याला घेऊन खालच्या मजल्यावरच्या आमच्या दवाखान्यात उतरले. नवरा एका पेशंटचे दात साफ करत होता. मशीन दातावर चीं करून घासलं आणि चिरंजीव गप्प! खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी, आणि हा घोरतोय. बरोबरच आहे. मीही दातांचीच डॉक्टर. पोटात असताना ह्याने दुसरं ऐकलंय काय?

पेशंट गेला, मशीन थांबलं आणि भोंगा पुन्हा सुरू झाला. नवऱ्याने मशीन नुसतंच हवेत चालवून पाहिलं, पण पठ्ठ्या फसला नाही. त्याला दातावर घासल्याचाच आवाज हवा.

"अगं, त्याला आधी..." वन्सं दारातूनच सुरू झाल्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"वन्सं, या ना, बसा," मी खुर्चीवरचा दिवा लावला. "दातांवर केवढं कीटण चढलंय तुमच्या! आ करा बघू."

मशीन सुरू झालं. दोघंही एकदम गप्प.

मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, "सावकाश कर रे. बत्तीस आहेत."