वॉर्डातलं पाणी

फादरांनी पाण्याचा जग बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या कडेवरून उचलला आणि खाली ठेवला. नुसता ठेवला नाही, पायाने जरा मागे सरकवला.

बाळाला हातावर घेऊन उभी असलेली आजी त्या जगाकडे पाहतच राहिली.

"फादर, पाणी राहिलं."

"राहिलं नाही, आजी. बाप्तिस्मा झालाय. आज फक्त तेल, मेणबत्ती आणि पांढरं वस्त्र."

चर्चमध्ये घरचीच मोजकी माणसं होती. बाळाची आई पुढच्या बाकावर शाल गुंडाळून बसलेली, अजून अशक्त. शेवटच्या बाकाशी एक नर्स उभी होती. फादरांनी बोलावलं म्हणून ड्यूटी संपवून थेट आली होती, आणि बसावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

बाळ अपुऱ्या दिवसांचं. जन्मताच निळं पडलं. डॉक्टर त्याच्यासाठी झटत होते आणि आईने या नर्सचा हात धरून एकच धोशा लावला होता, याला बाप्तिस्मा द्या. फादरांना बोलावण्याइतका वेळ नव्हता; अशा घडीला चर्चला तो कुणाच्याही हातचा चालतो. शब्द आईने सांगितले. म्हटले नर्सने आणि पाणीही तिनेच ओतलं. बाळ तगलं, आणि मग जे रडू लागलं ते सगळ्या वॉर्डाची झोप उडवूनच थांबलं.

काल फादरांनी वॉर्डात जाऊन तिची चांगली उलटतपासणी घेतली होती. पाणी डोक्यावरून वाहिलं, की नुसतं लागलं? शब्द आणि पाणी एकाच वेळी? जरा जरी शंका उरली असती, तरी आज पुन्हा पाणी ओतता आलं असतं, 'बाप्तिस्मा झाला नसेल तर देतो' असं आधी म्हणून. नर्सने हातातलं काम ठेवून सगळं जसंच्या तसं करून दाखवलं.

"पण मी तुमच्यातली नाही," ती म्हणाली होती. "माझा यावर विश्वासही नाही."

"मग केलंत कशाला?"

"तिला जे हवं होतं, ते नीट व्हावं म्हणून."

फादरांनी पुढचा प्रश्न न विचारता तिला आजच्या विधीला यायला सांगितलं होतं. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत उभी हयात चर्चचा इतिहास शिकवलेला हा माणूस सहसा एवढ्यावर थांबणाऱ्यांतला नव्हता.

आता आजीचा आवाज चढला.

"नळाचं पाणी, स्टीलची वाटी, आणि ती बाई तर प्रार्थनाही करत नाही. माझ्या नातवाचं असं अर्धंमुर्धं नको. चार थेंब ओतायला तुमचं काय जातंय?"

"जातं ना. पुन्हा ओतलं, तर पहिलं खोटं होतं असं म्हटल्यासारखं होतं." फादरांची गाडी रुळावर आली. "याच गोष्टीवरून तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे पोप स्टीफन यांची जुंपली होती. सिप्रियन म्हणायचे, पाखंड्याने दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. स्टीफन म्हणायचे, देणारा कोण ते बघू नका, पुन्हा देऊ नका. पुढे संत दोघेही झाले, पण चर्चने ऐकलं स्टीफनचं."

"त्यांचं त्यांना लखलाभ. उद्या याला काही झालं, तर मी देवाला काय तोंड दाखवू?"

 फादरांनी आपला आवाज खाली आणला.

"आजी, तेव्हा मी तिथे नव्हतो. तुम्हीही नव्हता. त्या खोलीत त्या घडीला चर्च म्हणून जे काही होतं, ते ही बाई होती."

नर्सने मान खाली घातली. तिचं एक पाऊल दाराकडे वळलंही.

आजीने बाळाचं टोपडं मागे सारलं आणि टाळूवरून बोट फिरवलं. मग मागे न बघताच विचारलं,

"काय गं, पाणी गार होतं?"

"आधी गार होतं. मनगटावर घेऊन पाहिलं, मग त्यात थोडं ऊन पाणी मिसळलं."

"तेवढ्या घाईत?"

"एवढंसं होतं हो ते. दचकलं असतं."

 फादर तेलाची कुपी उघडून थांबले होते, पण आजी त्यांच्याकडे गेली नाही. बाकांमधून चालत पार शेवटपर्यंत आली आणि तिने बाळ नर्सच्या हातांत दिलं.

"चल पुढे," ती म्हणाली. "याला तूच धर."