दोनशे चौदा दिवस

ताजुद्दीनभाई दुबईहून सुट्टीवर आले की रोह्याहून पासपोर्ट घेऊन पेणला श्यामलाताईंच्या ऑफिसात यायचे. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला वर्षभरात भारतात किती दिवस राहिलो ते सांगावं लागतं, म्हणून ताई शिक्के बघून दिवस मोजायच्या. भाईंची शिक्क्यागणिक गोष्ट: हा आईच्या मयतीचा, हा लेकीच्या, माहिराच्या निकाहाचा. सुट्टी चाळीस दिवसांच्या वर कधी नाहीच. ताईंचा मात्र तास मोडायचा.

यंदा ताईंनी तीन सॉफ्टवेअर बघून मुद्दाम असं घेतलं, की लोकच मोबाईलवर माहिती भरतील, कुणी यायला नको. भाईंनी दिवस भरले, दोनशे चौदा. ताईंनी रिटर्न भरलं आणि पुढची फाईल उघडली.

दिवाळीनंतर भाईंची बायको फरझाना त्यांचा पासपोर्ट घेऊन एकटीच आली.

“हे गेले, ताई. कॅन्सर होता, म्हणून कायमचेच घरी आलेले. तुमच्याकडं यायचं म्हणून पासपोर्ट उशाशी ठेवलेला. मीच म्हटलं, आता जायला लागत नाय.”

दोनशे चौदा! आपणच एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

ताईंनी पासपोर्ट उघडला. शेवटचा शिक्का मुंबईत उतरल्याचा होता. त्याची गोष्ट तेवढी ऐकायची राहिली.