ट्रॉयचा राजा मागून आला

"तुम्ही निर्णय आधी घेतलात आणि कारण मागून घडवलंत!"

उपासनाने माईक हातात येताच तोफ डागली. लांब टेबलामागे शाळेची कमिटी पाण्याचे ग्लास चाचपत बसली होती. मिशिगनमधलं ट्रॉय गाव, खासगी शाळा, आणि ठराव एकच: लॅटिनचा वर्ग बंद. का, तर म्हणे पालकांनाच नको. हा वर्ग शिकवायची नागपूरच्या इंदोऱ्याची उपासना. वर्ग गेला की तिची नोकरीही गेली.

मागच्या खुर्चीतून पुण्याचा राजीव कुजबुजला, "बस कर यार, उपासना. लॅटिनवर कोण जॉब देतं?"

"मला दिला होता की, राजीवदादा. आता हेच काढून घेतायत."

राजीवची मुलगी हिमानी उपासनाच्याच वर्गात होती. ती फिसकन हसली.

उपासना पुन्हा कमिटीकडे वळली. "गावाच्या पाटीवर ट्रॉय लिहून मिरवता. लॅटिनमध्ये ती ट्रोया, स्त्रीलिंगी. 'ट्रोयाय' म्हटलं की झालं 'ट्रोयात'. माझ्या मराठीत 'घरी' म्हणतात ना, तसं. वर आणखी शब्द लागत नाही. जुने लोक सांगायचे, ट्रोस राजावरून हे नाव पडलं. पुष्कळ अभ्यासकांना उलटं वाटतं. नाव आधीचं, राजा त्यावरून बेतलेला. तुमचे हे नाराज पालकही तसलेच, ठरावावरून बेतलेले!"

"कमिटी फक्त ऐकते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "या बैठकीत उत्तरं देत नाही. थँक यू."

माईक बंद झाला.

"डॅड," हिमानी मोठ्यानं म्हणाली, "यू सेंट देम अ मेल, राइट?"

राजीवची मान खाली गेली. उपासना त्याच्याकडे वळली. ज्याच्या घरी दिवाळीचा फराळ खाल्ला, तो!

"दादा, तुम्ही?"

"अगं, मी रोबॉटिक्स सुरू करा म्हटलं. एवढंच. लॅटिन बंद करा असं कुठं म्हटलं? आईशप्पथ."

"मग हे उठून सांगा ना त्यांना."

राजीव उठला नाही. त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि दाराकडे बघत राहिला. बाकीचे पालक फोनमध्ये डोकी घालून बसले. एकटी हिमानी तेवढी तिच्याकडे बघत होती.

उपासनाने मेलेला माईक टेबलावर आपटला. घसा होता तिचा, तो कोण बंद करणार?

"या माणसाने नवा वर्ग मागितला. माझा बंद करा असं तुम्हाला कोण म्हणालं? मी इथून हलणार नाही. बोला, कोण?"