जुन्या डोहावरची पहाट

नागोराव गेल्याला चार महिने झाले होते. मे महिन्यातल्या एका रविवारी दुर्गाबाईंनी त्यांची मासे धरायची पिशवी माळ्यावरून खाली काढली. आत तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळलेल्या दोन फळ्या होत्या, तंबाखूच्या डबीत गळ होते, शिशाचे तुकडे होते आणि घडी घातलेला एक पंचा.

आनंद, त्यांचा मुलगा, चहाचा कप हातात घेऊन दारात उभा राहिला.

"आई, हे काय?"

"खडकवासल्याले जाऊन येतो."

"एकटी? अगं, चाळीस डिग्री आहे बाहेर. तुला तिथलं काय माहिती आहे?"

दुर्गाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. त्यांना काय माहिती होतं, हे त्या घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं.

त्या भंडाऱ्याकडच्या एका तलावाकाठच्या गावातल्या. बाप ढीवर, मासेमारीवर जगणारा. सात वर्षांच्या असल्यापासून त्या बापाच्या डोंग्यात बसत. पाण्यावर बुडबुड्यांची रांग उठली की खाली मिरगल मासा चिखल उकरतो आहे, आणि फक्त एकच मोठा बुडबुडा आला तर ते नुसतं कुजकं पान आहे, हे त्यांना अक्षर ओळखण्याआधी कळत होतं. लग्न झालं ते नागपुरातल्या कंपाउंडरच्या मुलाशी. जात तीच, पण त्या घरानं पाणी दोन पिढ्यांपूर्वी सोडलेलं. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "इथं तळ्याच्या गोष्टी नको काढू, सूनबाई." दुर्गाबाईंनी काढल्या नाहीत. पुढं नागोरावांना पुण्यात कारखान्यात फिटरची नोकरी लागली, बिबवेवाडीत बिऱ्हाड झालं, आनंद झाला. आणि मग कोण जाणे कुठून, नागोरावांनाच गळाचा नाद लागला.

तीस वर्षं ते उन्हाळ्यातले रविवार धरणावर काढत आले. सकाळी आरामात नाश्ता करून निघायचे, भर उन्हात उथळ पाण्यापाशी बसायचे, संध्याकाळी रिकाम्या पिशवीनं परतायचे. जेवताना सांगायचे, आज इथं बसलो, असा गळ टाकला. वरण वाढता वाढता दुर्गाबाईंना त्यांची एकेक चूक दिसायची. जिभेवर आलेलं त्या गिळून टाकायच्या. नवऱ्याला कशाला शिकवायचं, आणि तेही ज्या गोष्टीचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं, त्याबद्दल?

स्वारगेटहून बस बदलून त्या उतरल्या तेव्हा साडेनऊ झाले होते. रस्त्याच्या खाली उतार, उताराच्या टोकाला एक करंज, आणि त्याच्या पलीकडं पाणी. नागोरावांच्या बोलण्यातून ही जागा त्यांना इतकी ओळखीची झाली होती की वाट विचारावी लागली नाही. पाणी बरंच खाली गेलेलं. काठाचा चिखल वाळून त्याच्या भाकरीएवढ्या खपल्या झाल्या होत्या. समोरचे डोंगर उन्हात विरघळल्यासारखे, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते सांगता येऊ नये असे. दुर्गाबाई करंजाखाली बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांना वाटलं, आत्ता डाव्या हाताला वल्ह्याचा आवाज येईल आणि बाबा म्हणतील, दुर्गे, सावली पाण्यावर नको पाडू.

आवाज आला तो म्हशींचा. चार म्हशी पाण्यात शिरल्या आणि त्यांच्यामागून पासष्टीचा एक माणूस, डोक्याला टॉवेल, गळ्यात तुळशीची माळ. तो पिशवीकडं बघत थांबला.

"ही नागोरावांची पिशवी हाय."

"मी त्यांची बायको."

त्यानं टॉवेल डोक्यावरून काढला. "मी हिंदुराव. हितलाच. ते आलं न्हाईत यंदा, म्हनून मनात पाल चुकचुकलीच हुती." मग जरा थांबून, "कधी?"

"जानेवारीत. झोपेतच."

हिंदुरावांनी पाण्याकडं बघत हात जोडले. त्यांची बहुतेक जमीन आता इमारतींखाली गेली होती, या म्हशी आणि उतारावरचं घर तेवढं उरलं होतं. "वैनी, तुमी बसा खुशाल," ते म्हणाले. "पर या दिवसांत हितं मासा लागत न्हाई. पानी तापलंय."

"पाणी वरून तापलं आहे, भाऊ. खाली थंडच असेल." दुर्गाबाईंनी काठाशी जाऊन पाण्यात हात घातला होता. "मासा खोल जाऊन बसतो. फक्त पहाटे वर येतो चरायले, ऊन पडेपर्यंत. इथं खोल कुठं आहे?"

हिंदुरावांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. नागोरावांनी तीस वर्षांत हा प्रश्न विचारला नव्हता.

"चला," ते म्हणाले.

काठाकाठानं दहा मिनिटं चालल्यावर खडकाची एक जीभ पाण्यात शिरलेली होती. "बाहात्तरच्या दुष्काळात हे समदं आटलं हुतं. मी बारा वर्षांचा. तळातून चालत फिरलो. ह्या खडकाच्या म्होरं जुन्या नदीचं वळान हाय, आन् वळनात डोह. समदीकडं भेगा, पर त्या डोहात पानी हुतं. इतकं निळं, की उतरायचं भ्या वाटलं." त्यांनी पलीकडच्या काठावरची दोन ताडाची झाडं दाखवली. "त्या दोघांच्या मधोमध नजर धरा. हितनं चाळीस हात."

दुर्गाबाई त्या रेषेकडं बघत राहिल्या. पाण्याचा रंग तिथं किंचित गडद होता, झोपलेल्या माणसाच्या पापणीसारखा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहिली बस धरायला सुरुवात केली. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा आणि बहिणीनं गावाहून पाठवलेली वाळलेली मोहफुलं वाटून त्याचे लाडू वळायचे आणि उजाडता उजाडता डोहावर फेकायचे. गळ टाकायचा नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी, नुसतं खायला घालायचं. मासा शहाणा असतो, पण त्याला वेळेची सवय लागते. सोसायटीच्या वॉचमननं दुसऱ्या दिवशी डबा बघून विचारलं, "काकू, लाडू कुणाला?" त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "वा. आमच्याकडं माणसांनासुद्धा विचारत नाही कोणी."

ती वेळ विलक्षण असायची. पाण्यावर पातळ धूर, पलीकडच्या काठावरून एखाद्या पक्ष्याची लांबट हाक, आणि हवेत पहाटेपुरता उसना आणलेला गारवा. दुर्गाबाई खडकावर पाय सोडून बसत. कधी कधी त्यांना आपलं वय समजेनासं होई. हे तळं ते तळं होई. नागोराव शेजारी बसले आहेत असंही वाटे, आणि त्यात नवल काहीच वाटत नसे.

तिसऱ्या दिवशी त्या तंद्रीतच उशीर झाला. ऊन डोक्यावर आलं. उठताना खडक पाण्यासारखा हलला आणि त्या बसकण मारून तिथंच आडव्या झाल्या.

शुद्ध आली तेव्हा त्या एका थंड, सारवलेल्या खोलीत होत्या आणि एक बाई त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. ती हिंदुरावांची बायको, मैना. उंच, हडकुळी, सतत बोलणारी.

"ताक प्या. सावकाश. तुमच्या पोराला फोन लावलाय, निघालाय तो." मग मैनाबाई जवळ सरकल्या. "तुमी आलात ते बरं केलं. मी कितीदा सांगितलं नागोरावांना, बायकूला आना एकदा. तर म्हनायचे, नको."

दुर्गाबाईंनी पेला खाली ठेवला. "का नको?"

"म्हनायचे, ती तळ्यावरची हाय. तिला आनलं तर चार दिवसांत मासा काडंल. मग माझी काय अब्रू ऱ्हाईल?" मैनाबाई हसल्या. "मग म्हनायचे, पर तिनं आपनहून तळ्याचं नावच काडलं न्हाई कवा. लई दुखत आसंल, म्हनून म्याबी इचारलं न्हाई. घरी जाऊन समदं सांगतो तिला, आज काय केलं, कुठं बसलो. वाटतं आज तरी बोलंल. पर ती वरान वाडते आन् गप बसते."

खोलीत पंख्याची घरघर चालू होती. दुर्गाबाईंना आधी हसू आलं. तीस वर्षं, दर उन्हाळ्यात, ताटाच्या एका बाजूला ते वाट बघत बसले होते आणि दुसऱ्या बाजूला आपण ओठ मिटून उभ्या होतो. हसता हसताच त्यांनी पदर तोंडावर घेतला. मैनाबाईंनी बोलणं थांबवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आनंद आला तो घामाघूम आणि चिडलेला. "झालं आता? समाधान झालं? उद्यापासून बंद. मी ऑफिस सोडून किती वेळा धावू?"

दुर्गाबाई म्हणाल्या, "बस इथं." आणि त्याला सगळं सांगितलं. बापाचा डोंगा, सासूबाईंचं वाक्य, वरण वाढतानाचं गप्प बसणं, आणि आत्ताच ऐकलेलं. पहिल्यांदाच सांगत होत्या, त्यामुळे मागचं पुढं होत होतं. आनंद आधी मोबाईलकडं बघत होता. मग त्यानं तो खिशात ठेवला.

"म्हणजे माझे आजोबा मासेमार होते? आणि हे मला पस्तिसाव्या वर्षी कळतंय?"

"तू विचारलं कधी?"

"तू सांगितलं कधी?" तो म्हणाला, आणि दोघंही गप्प झाली, कारण हे जरा जास्तच ओळखीचं वाटलं.

पाचव्या दिवशी आनंदनं गाडी काढली. पाच वाजता दोघं खडकावर होती. हिंदुरावही येऊन बसले होते, नुसते बघायला. दुर्गाबाईंनी गळावर मोहाच्या वासाचा गोळा लावला, शिसं अगदी हलकं बांधलं, तंगूस डोक्याभोवती दोनदा फिरवून सोडलं. दोन ताडांच्या मधोमध पाण्यावर एक लहानसं वर्तुळ उमटलं आणि मिटलं. मग त्यांनी दोरी तर्जनीवरून घेतली आणि डोळे मिटले.

"झोपलीस?" आनंदनं कुजबुजत विचारलं.

"खाली गेली आहे. बोलू नको."

खरोखर तसंच होतं. दोरीतून तळ वर येत होता. मऊ चिखल, मग गुळगुळीत दगड, मग काहीच नाही, नुसता गार अंधार. एक लहान मासा येऊन टोचून गेला. रोहू असावा. त्यांनी हात हलवला नाही. पूर्वेकडं आभाळ पिवळं होत होतं. वाऱ्याची एक झुळूक पाण्यावरून चालत आली आणि थांबली. मग बोटावर काहीतरी झालं, ओढ नव्हे, फक्त दोरी जड झाली, जसं कुणी खालून श्वास आत घ्यावा.

दुर्गाबाईंनी मनगट वळवलं.

फळी गडगडत फिरली. आनंद उठून दोरीवर झेपावला. "ओढ, आई, ओढ!"

"ओढू नको! जाऊ दे त्याले. त्याचं पाणी आहे, फिरू दे ना बापा. धर इथं, पंचा हातावर घे, बोट कापेल."

मासा डोहाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरत राहिला. तो थांबला की त्या हातभर दोरी घेत, निघाला की सोडत. आनंदच्या हातांवर त्यांचे हात होते. किती वेळ गेला कळलं नाही. सूर्य डोंगरावरून वर आला तेव्हा खडकापाशी एक रुंद, चांदीच्या परातीएवढी कूस वळली. हिंदुराव गोणपाट घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि तो कतला कवेत घेऊनच वर आले.

"सहा किलू तरी भरंल," ते धापा टाकत म्हणाले. "म्या माळकरी मानूस, आन् माशाला मिठी मारली. इठ्ठला, माफ कर."

दुर्गाबाई मोठ्यानं हसल्या. आईचं असं हसणं ऐकल्याचं आनंदला आठवेना.

मैनाबाईंनी घरात मासा आणू दिला नाही. अंगणात वेगळी चूल मांडून दिली, वेगळं पातेलंही कुठूनतरी शोधून दिलं, आणि तीन हात लांब बसून गप्पा मारत राहिल्या. दुर्गाबाईंनी जवस भाजून वाटला, आंबाडीची सुकी पानं टाकली, आईच्या हातचा रस्सा केला. आनंदनं भातावर तीनदा घेतला. खाताना तो विचारत राहिला. डोंगा कशाचा करायचे? आजोबा किती वाजता निघायचे? तू घाबरायची नाहीस? दुर्गाबाई सांगत राहिल्या. मध्येच त्यांचा घास हातातच राही आणि नजर उतारावरून खाली पाण्याकडं जाई. तिथं आता वारा सुटला होता आणि सगळं तळं उजेडानं थरथरत होतं.

निघताना मैनाबाई गाडीपाशी आल्या आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "दुर्गाताई, मला शिकवाल का? मी खानार न्हाई. पर धरून बघीन एकदा."

"मग उद्या कोंडा भिजत घाला," दुर्गाबाई म्हणाल्या. "आणि साडेपाचला खडकावर या. बोलायचं मात्र नाही."

"आजिबात न्हाई," मैनाबाई म्हणाल्या, आणि पुढं दहा मिनिटं त्यांनी काय काय बोलणार नाही ते सांगितलं.